तेहतीस हंडे

मोहोपाड्याच्या बाजारात शेवळं दिसली की माझ्या डोक्यात शाळा सुरू होते. मे संपत आलेला असतो, उकाड्यानं जीव नकोसा झालेला असतो आणि रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून वाड्यांवरच्या बाया बसलेल्या असतात. समोर शेवळांच्या जुड्या, बाजूला काकडांचे वाटे. शेवळं एकटी घ्यायची नसतात, काकडं सोबत घ्यावीच लागतात, नाहीतर घसा खवखवतो. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण शेवळं येतात कुठून, हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. वळवाच्या एखाद-दुसऱ्या सरीनं जमीन नुसती ओलावली की मातीतून आधी फुलाचा दांडा वर येतो, पान मागाहून येतं. भाजीला तो दांडाच लागतो. म्हणजे जुडी बांधणारीला पाऊस कुठल्या उतारावर, कधी, किती पडला, याचा नेमका अंदाज असावा लागतो. हा अंदाज चुकायला लागलाय, असं मी पहिल्यांदा ऐकलं ते या गोणपाटापाशी बसून. परिषदेत किंवा पुस्तकात नव्हे.

मी रसायनीच्या वसाहतीत वाढले. वडील हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्समध्ये होते. तिथे नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होई, ते इस्रोच्या रॉकेटसाठी जाई, आणि वडिलांना त्याचा फार अभिमान. २०१७ साली इथला कारखाना बंद करायचं ठरलं तेव्हा तेवढा एकच प्लांट इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला. त्या दिवशी वडील बराच वेळ गॅलरीत उभे होते. आमच्या घरची चूल रसायनांवर पेटली, माझं शिक्षण त्यावर झालं. त्यामुळे कारखाना म्हटला की नाक मुरडणाऱ्यांत मला बसता येत नाही. आणि गावाला रसायनी हे नाव पडण्याआधी इथे काय होतं, हे विचारायचं मला लहानपणी कधी सुचलं नाही, याचीही खंत वाटते.

पाताळगंगेचंच घ्या. उन्हाळ्यात आजूबाजूचे ओढे कोरडे पडतात, ही नदी मात्र वाहत असते, याचं आम्हाला मुलांना कौतुक. पुष्कळ पुढे कळलं, की लोणावळ्याच्या बाजूला टाटांनी तलाव बांधले, घाटावरचं ते पाणी नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरवलं आणि वीज झाल्यावर नदीत सोडलं. ते वीजघर १९१५ सालचं. पूर्वेला वाहून जाणारं पाणी माणसानं पश्चिमेला वळवलं आणि त्या बारमाही पाण्यापाशी कारखाने आले, कारखान्यांमागून माझे वडील आले. जिला मी निसर्ग समजत होते ती नदी निम्मी माणसानं घडवलेली होती. २४ जुलै १९८९ ला तीच नदी पात्र सोडून आली. एकोणनव्वदचा पूर म्हटलं की आजही इथली म्हातारी माणसं आधी हातानं भिंतीवर पाण्याची उंची दाखवतात आणि मग बोलायला लागतात.

डी.एड. झाल्यावर मला जिल्हा परिषदेची नोकरी लागली आणि काही वर्षांनी खालापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीवर बदली झाली. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला विश्वासानं जे सांगितलं, त्यापायी ती कुणाच्या नजरेत यायला नकोत. तीस-पस्तीस घरं, दोन खोल्यांची शाळा, पाठीशी डोंगर. मोहोपाड्याहून दांडफाट्यापर्यंत सहा आसनी रिक्षा, पुढे मिळेल ते वाहन आणि शेवटी पाऊण तास चढण. पावसाळ्यात ओढा आडवा आला की थांबायचं. पाणी उतरलं की पुढे जायचं.

डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कुरणशाळेवर मी टिपण लिहिलं होतं. मुलं गुरांमागे जातात ना, मग शाळाच कुरणात न्यायची, ही कल्पना मला तोंडपाठ होती. प्रत्यक्षात मी काय केलं? परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर ‘हवामान बदल’ असं लिहिलं. ध्रुवावरचं पांढरं अस्वल, वितळणारा बर्फ, तापलेली पृथ्वी, असे तक्ते टांगले. ज्या मुलांनी बर्फ पाहिला तो फक्त बाजारातल्या गोळेवाल्याच्या गाडीवर, त्यांना मी बर्फ वाचवायला सांगत होते. मुलं गप्प बसत. मला वाटे, समजत नाही म्हणून गप्प आहेत.

एका वर्षी ५ जूनला वृक्षारोपण ठरलं. मोठी माणसं येणार होती, फलक छापून आला होता, रोपं गाडीतून आली होती. शाळेमागच्या माळावर मुलांनी खड्डे खणले. आमच्याकडे मोसमी पाऊस धरतो तो १० जूनच्या आसपास, आणि हल्ली तेही भरवशाचं राहिलेलं नाही. जमीन ठणठणीत. रोपं लावली, फोटो निघाले, गाड्या गेल्या. त्या वर्षी पाऊस लांबला. मुलं वाडीच्या झऱ्यावरून हंड्यानं पाणी आणून रोपांना घालत होती. त्याच झऱ्याला त्या दिवसांत बायांची रांग लागलेली असे. दहा-बारा दिवसांत बहुतेक रोपं वाळली. नऊ वर्षांची एक मुलगी वाळलेल्या रोपापाशी उकिडवी बसून त्याची पानं बोटांनी पुसत होती. तारीख मी बदलून घ्यायला हवी होती, कुणाला तरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

त्या माळाच्या कडेला घर असलेल्या एका म्हातारीनं हे सगळं पाहिलं होतं. पोरं तिला आजी म्हणतात, मीही म्हणते. ती बोलते ठाकरीत, मी तिचं बोलणं इथे माझ्या मराठीत लिहिते आहे, त्यात त्याचा निम्मा जीव जातो. ती म्हणाली, “बाई, तू झाड लावलंस ते तुझ्या तारखेला. त्याच्या तारखेला लावलं असतंस तर जगलं असतं.” रागावून नाही, जात्यावर दाणे टाकताना बोलावं तसं. मग तिनं मला बसवलं आणि झाडाची तारीख कशी कळते ते सांगू लागली. काजवे आधी, मग शेवळं. ओढ्याला पहिलं गढूळ पाणी आलं की मासे चढणीला लागतात, त्या रात्री पोरं कंदील घेऊन वलगणीला जातात. खेकडे बिळाबाहेर पडतात. मग कुठे माती आतून ओली झाली समजायचं. झाडाचं काम तेव्हा.

त्यानंतर मी शाळेत सांगणं कमी केलं आणि विचारणं वाढवलं. गृहपाठ एकच असे: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला पावसाची एक गोष्ट विचारून या. जी मुलं तासाला गप्प बसत, त्यांना आता थांबवावं लागे. कुणाच्या आजोबांनी सांगितलं की पूर्वी उंचावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी व्हायची ती झडीच्या पावसावर. हलका, पण दिवसच्या दिवस लागून राहणारा. कुणी सांगितलं, भाताच्या रोपांची जागा भाजायला रचलेल्या राबाला आग लावायची ती मृगाआधी आठ-दहा दिवस, पण ते दिवसच हल्ली सापडत नाहीत. मुलांनी पावसाचे शब्द गोळा केले आणि आम्ही ते भिंतीवर लिहिले. शितोडे, भुरभुर, बुरंगाट, झिमझिम, रिपरिप, सर, झड, संततधार, मुसळधार, उघडीप. एका मुलानं विचारलं, बाई, यातले आता कुठकुठले येतात? त्या प्रश्नावर आमचे दोन तास गेले. भुरभुर आणि झड या दोन शब्दांपुढे मुलांनी स्वतःहून ‘कमी’ असं लिहिलं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जे मांडलं, त्याबद्दल मी हे शब्द भिंतीवर लिहून झाल्यावर वाचलं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात पावसाचं एकूण प्रमाण घटत गेलं, पण दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, हवा जितकी गरम तितकी वाफ जास्त धरते, एका अंशाला साधारण सात टक्के. ती वाफ मग एकदम कोसळते. आजीचं म्हणणं मी वहीत आधीच उतरवून ठेवलं होतं: पाऊस पूर्वी माहेरवाशिणीसारखा मुक्कामाला यायचा, आता वसुलीला आल्यासारखा येतो. तिच्याकडे नक्षत्रं होती, त्यांच्याकडे आकडे. वर्गात मला दोन्ही हवे होते, कारण नुसत्या आजीच्या बोलण्यावर शहरातला माणूस विश्वास ठेवत नाही आणि नुसत्या आकड्यानं पोरांच्या मनात काही हलत नाही.

म्हणून आम्ही पर्जन्यमापक केला. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळाशी खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, बाहेरून मोजपट्टीची कागदी पट्टी चिकटवायची. झाडापासून, वळचणीपासून दूर, मोकळ्यावर ठेवायची. सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हा पुरा होतो. ज्याची पाळी तो खाली वाकून डोळा रेघेच्या पातळीला आणून आकडा सांगे, दुसरा वहीत लिही. आजी पहिल्यांदा बघून म्हणाली, मोजून काय करणार? मला उत्तर देता आलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं आणि जिल्हाभर छपरं उडवत गेलं, तेव्हा शाळेचेही पत्रे गेले आणि बाटलीही गेली. करोनामुळे शाळा बंदच होती. वह्या मात्र एका मुलीनं घरी नेऊन ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

मग २०२३ सालचा जुलै आला. अधिक श्रावण लागलेला होता. १९ तारखेच्या रात्री अकराच्या सुमाराला इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर उतरला.

चौक गावाच्या बाजूनं पाहिलं तर इर्शाळगडाचा सुळका ओळखू येतो, उघडीप असेल तर त्याचं नेढंही दिसतं. २० तारखेला सकाळी मी दांडफाट्याला उभी होते आणि समोर नुसती करडी भिंत होती, ढगांची. रस्त्यावरून एकामागून एक गाड्या जात होत्या. वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. यंत्रं खालीच राहिली, जवान आणि ट्रेकर पोरं भर पावसात चढून गेली आणि हातांनी माती उपसली. वर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी कोसळला आणि गेला. चार दिवसांनी, २३ तारखेला, शोध थांबला. सत्तावीस मृतदेह मिळाले होते, सत्तावन्न माणसं बेपत्ता म्हणून नोंदली गेली. ती तिथेच आहेत. धोकादायक गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. अशीच दरडीखाली गेलेली माळीण आठवली, २०१४ सालची. तळिये आठवलं, २०२१ सालचं. प्रत्येक वेळी जुलैच.

आमच्या वाडीच्या सोयरिकी तिकडे होत्या. शाळा पुन्हा उघडली तेव्हा दोन मुलं आठवडाभर आलीच नाहीत. आली तेव्हा त्यांतला एक, चौथीतला, खिडकीकडे पाठ करून बसला. खिडकीतून डोंगर दिसतो. मी त्याला जागा बदलू दिली. तिसऱ्या दिवशी त्यानं बसल्या जागेवरून विचारलं, “बाई, डोंगर आपल्यावर रागावला का?”

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. हो म्हणावं, तर ज्या डोंगराच्या पायाशी या मुलांना रोज झोपायचं आहे, त्याला मी वैरी ठरवते. मेलेल्या माणसांनी काहीतरी पाप केलं होतं, असाही त्याचा अर्थ निघतो, आणि तो निघता कामा नये. नाही म्हणावं, डोंगर निर्जीव आहे, त्याला राग कसला, असं सांगावं, तर त्या मुलाच्या घरी त्याच डोंगराला नारळ फोडतात. वाघबारशीला त्याच रानातल्या देवाला नैवेद्य दाखवतात. मी त्याला म्हटलं, मला माहीत नाही, आपण शोधू या. ते मी वेळ मारून नेण्यासाठी म्हटलं नव्हतं.

त्याच सुमारास सरकारनं विधानसभेत सांगितलेला आकडा वर्तमानपत्रात आला होता. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस. मी तो फळ्यावर लिहिला. मुलं मिलिमीटर मोजणारी होती, पण चारशे नव्याण्णव म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटेना. माझ्याही मनात उमटत नव्हतं. मग आम्ही अंगणात गेलो. दोरी आणि खुंट्या घेऊन एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखला. त्या चौकोनावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं एक लिटर. मुलांनी हे गणित करून पाहिलं, मी सांगितलं म्हणून मान्य केलं नाही. म्हणजे तीन दिवसांत या एका चौकोनावर जवळजवळ पाचशे लिटर. पाचशे लिटर म्हणजे किती? झऱ्यावरून आणतात तो हंडा आम्ही लिटरच्या बाटलीनं भरून बघितला. पंधरा बाटल्यांनी भरला. पाचशेला पंधरानं भागलं. तेहतीस हंडे, आणि वर थोडं.

मुली घराघरांतून हंडे, कळशा, टोप घेऊन आल्या. रिकामेच. चौकोनात ठेवायला लागल्या. एकावर एक रचूनही दहा-बाराच्या वर मावेनात. बाकीचे कडेनं ओळीत मांडले. तेहतीस पुरे होईनात तेव्हा उरलेल्यांच्या जागी दगड ठेवले. अंगण भरून गेलं. ज्या मुलीनं वाळलेल्या रोपाची पानं पुसली होती तिची धाकटी बहीण तेव्हा पाचवीत होती. ती त्या चौकोनाकडे बघत म्हणाली, “बाई, डोक्यावर एकच हंडा असला तरी मान दुखते.”

कुणी काही बोललं नाही. त्या सगळ्या मुलींच्या मानेला ते ठाऊक होतं. मग खिडकीकडे पाठ करून बसणारा तो मुलगा वळला आणि डोंगराकडे बघू लागला. बोटानं हवेत चौकोन पाडत होता, एक, दोन, तीन. डोंगरावर असे किती चौकोन असतील ते तो मोजत होता.

पुढच्या दिवशी आम्ही पाटा तिरपा ठेवला, त्यावर शेतातली माती थापली, बोटभर जाड. लोट्यानं हळूहळू पाणी घातलं. पहिला लोटा मातीनं पिऊन टाकला. दुसरा बराचसा वाहून गेला. तिसऱ्या लोट्याला मातीचा अख्खा थर एकदम सुटून खाली आला, आणि पाट्याचा दगड स्वच्छ धुतल्यासारखा उघडा पडला. सह्याद्रीच्या उतारांवर असंच असतं: खाली काळा कातळ, वर मातीचा थर. पाणी मातीत मुरतं, तिला जड करतं आणि कातळापाशी पोचून तिची पकड सोडवतं. सगळं पाणी काही डोंगर डोक्यावर धरून ठेवत नाही, बरंचसं वाहून जातं, हेही मी मुलांना सांगितलं. पण झडीचा पाऊस वाहून जायला जो अवधी देतो, तो अवधी ही वसुली देत नाही. मुलांनी पाच-सहा वेळा माती थापली आणि पाडली. दर वेळी शेवटचा लोटा घालणारा मागे सरकायचा.

त्या मुलानं मला पुन्हा प्रश्न विचारला नाही. पण शाळेच्या भिंतीवर त्यानं आणि मोठ्या मुलांनी मिळून चित्र काढलं. ठाकरांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहितात तसं, गेरूवर तांदळाच्या पिठानं. मध्ये डोंगर, आणि डोंगराच्या डोक्यावर चुंबळ. चुंबळीवर हंडे, एकावर एक, पार छतापर्यंत. चुंबळ कुणाला सुचली ते मी विचारलं, तर सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. आजीनं ते चित्र खूप वेळ पाहिलं. हात लावून पाहिलं.

पृथ्वीविषयी करुणा, असं आम्ही प्रशिक्षणांत म्हणतो. शब्द चांगला आहे, पण तो वरून खाली येतो असं मला वाटतं. जणू आपण धडधाकट आणि पृथ्वी बिचारी. वाडीवर करुणा म्हणत नाहीत, माया म्हणतात. गुरावर माया, रानावर माया. माया करायला समोरच्याचं दुखणं आपल्या अंगाला ठाऊक असावं लागतं. त्या मुलीची मान दुखत होती म्हणून तिला डोंगर कळला. मी वर्षानुवर्षं पांढरं अस्वल टांगून जे करू पाहत होते, ते तिच्या एका वाक्यात झालं. आणि मनात कटुताही आली. त्या मुलीच्या घरी दोन दिवे आणि एक मोबाइल आहे. तिच्या घरानं आभाळात किती धूर सोडला असेल? राबाचा धूर मोजणारे पुष्कळ भेटतात. महामार्गावरून रात्रभर जाणारा धूर मोजताना मात्र त्यांचा हात आखडतो. या मुलांना ‘पृथ्वी वाचवा’ असं फलकावर लिहायला लावणं मी बंद केलं आहे. तो फलक धरायला दुसरे हात हवेत, त्यांत माझेही आहेत.

आजीनं त्या पावसाळ्यात आम्हाला आणखी एक गोष्ट दिली. चित्र पाहून झाल्यावर ती पोरांना म्हणाली, “डोंगराला काय होतंय ते झऱ्याला विचारायचं.” आणि त्यांना घेऊन वर गेली. झरा कुठल्या फटीतून येतो ते दाखवलं. भर पावसातही त्याचं पाणी निवळ असतं. ते गढूळ झालं, किंवा एकाएकी आटलं, किंवा नव्याच जागी पाणी फुटलं, तर त्या रात्री वाडीत झोपायचं नाही. झाडं बघायची, सरळ वाढलेला ऐन खाली कलायला लागला का. जमिनीला भेग पडली का. घराचं दार अचानक अडकायला लागलं का. तिला हे तिच्या सासऱ्यानं सांगितलं होतं. भूवैज्ञानिक दरडीची जी लक्षणं सांगतात ती मी नंतर ताडून पाहिली, सारी हीच. इर्शाळवाडीवरही कुणा आजीला हे ठाऊक असेल. पण ती घटना रात्रीची, पावसाचा आवाज, काळोख. नुसतं ठाऊक असणं पुरत नाही, रोज कुणीतरी जाऊन बघावं लागतं.

म्हणून पावसाच्या वहीत आम्ही रकाने वाढवले. पाऊस, झरा, भेग, झाड. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकली आणि दोन खुंट्यांतलं अंतर दर आठवड्याला मोजायला लागलो. यादीत नाव नसलेल्या वाडीला स्वतःची यादी तरी असावी. वहीची एक प्रत मी दरवर्षी वर पाठवते. पोच येते. इर्शाळवाडीची वाचलेली माणसं आधी चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहिली, आता सिडकोनं बांधलेल्या पक्क्या घरांत आहेत. त्यांचं रान वरच राहिलं. सपाटीवर आलेल्या माणसाला डोंगराची आठवण येते का, असं मी तिथल्या एका बाईंना विचारलं आणि विचारल्याबद्दल मलाच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, पाऊस लागला की येते.

गेल्या वर्षी, २०२५ ला, पावसानं सगळ्यांनाच चकवलं. २६ मे ला मान्सून मुंबईत पोचला, म्हणजे नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी, आणि त्याआधीही मे भर अवकाळी कोसळतच होता. राब भाजायचे राहून गेले, टाहाळ रचलेले तसेच भिजले. धूळवाफ्यात पेरणी कुठली, धूळच उरली नाही. शेवळं कधी आली आणि कधी संपली ते बाजारातल्या बायांनाही नीट कळलं नाही. त्यांतली एक मला म्हणाली, “बाई, या खेपेला जमीनच बावरली.” शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी मोहोपाड्यात घरी होते आणि पावसाची बाटली शाळेच्या कपाटात, कुलपात. रात्रभर पाऊस ऐकत पडले होते आणि सतरा वेळा मनात आलं, की या वर्षीची पहिली पानं कोरी राहणार.

१६ जूनला शाळा उघडली. ती हंडा म्हणणारी मुलगी आता खालच्या गावात सहावी पुरी करून सातवीत चाललेली. ती आमच्या शाळेत येण्याचं काही कारण नव्हतं. दप्तरातून तिनं एक दुरेघी वही काढून टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर रेघा मारून चार रकाने केले होते आणि वर लिहिलं होतं: बाटली शाळेत आहे म्हणून सरळ कडेच्या टोपात मोजला, पट्टी बुडवून. खाली तारखा, मेच्या विसाव्या तारखेपासून. आकडे. एके ठिकाणी आकड्याऐवजी ‘कोंबडीनं टोप पाडला’. आणि झऱ्याच्या रकान्यात, शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत, पेन्सिल दाबून लिहिलेलं: निवळ. निवळ. निवळ.